वाचकांचे प्रश्न : पहिला पेपर छापून आला, आता आपण काय करावे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. घरातल्या, ओळखीतल्या किंवा आपल्याच हाताखाली शिकून गेलेल्या एखाद्या तरुण संशोधकाचा पेशीविज्ञानातला शोधनिबंध प्रसिद्ध झाला आहे आणि त्याला हातभार लावायची इच्छा आहे, पण कसा लावावा हे कळत नाही. एक पत्र तर खुद्द अशा संशोधकाचेच आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात पेशीविज्ञानात पीएच.डी. करते. साडेपाच वर्षांनी तिचा पहिला पेपर परदेशी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आठ नावांमध्ये तिचे नाव पहिले आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला, पण तिच्या मामांनी ‘यातून कोणता आजार बरा होणार?’ असे विचारले आणि ती गप्प झाली. मी बारावीपर्यंत शिकले आहे. पेपरच्या शीर्षकातले निम्मे शब्दही मला कळत नाहीत. मी तिच्या पाठीशी कशी उभी राहू? (एक आई, कराड)

उत्तर : प्रथम ‘पहिले नाव’ म्हणजे काय ते सांगतो, कारण ग्रुपवरच्या अभिनंदनात ते बहुधा कोणाच्या लक्षात आले नसेल. गणितासारख्या विषयांत लेखकांची नावे बरेचदा वर्णानुक्रमाने छापतात. पेशीविज्ञानात तसे नसते. तेथे पहिले नाव ज्याच्या हातून बहुतेक प्रयोग झाले त्याचे, शेवटचे नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे, म्हणजे तिच्या गाइडचे, आणि मधली नावे ज्यांनी एखादा प्रयोग करून दिला किंवा एखादे तंत्र शिकवले त्यांची असतात. आठांत पहिली असणे म्हणजे त्या पानांमधली बहुतेक चित्रे तिने स्वतः, अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकासमोर बसून टिपलेली आहेत.

साडेपाच वर्षे का लागली, हेही आपल्याला ठाऊक असावे. शरीराबाहेर वाढवलेल्या पेशी ३७ अंश सेल्सिअसला, गुलाबी रंगाच्या द्रवात ठेवतात. पेशी खाऊन-पिऊन वाढल्या की त्या द्रवाची आम्लता वाढते, तो पिवळा पडू लागतो आणि मग तो बदलावा लागतो. हे दर दोन-तीन दिवसांनी करायचे, मग दिवाळी असो की घरचे लग्न. एखाद्या सकाळी बाटलीत ढगासारखी बुरशी दिसते आणि तीन आठवड्यांचे काम सिंकमध्ये ओतून द्यावे लागते. हे सारे पार पडून निबंध लिहून पाठवला, की दोन-तीन अनोळखी तज्ज्ञ, ज्यांना रिव्ह्यूअर म्हणतात, तो वाचून नवे प्रयोग मागतात. त्या रिव्हिजनमध्ये सहा महिने किंवा वर्षही सहज जाते. मुलगी गेल्या वर्षी सणाला आली नसेल, तर ती आपल्यावर रुसली नव्हती, एवढे मी खात्रीने सांगतो.

आता मामांचा प्रश्न. तो चुकीचा नाही, पण अवेळी विचारलेला आहे. जपानमध्ये योशिनोरी ओसुमी यांना स्वतःची प्रयोगशाळा मिळाली ती १९८८ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी. त्यांनी कामासाठी निवडला तो पाव फुगवणारा साधा यीस्ट, आणि त्यातही यीस्टच्या पेशीतली रिक्तिका, जिला तेव्हा पेशीची कचराकुंडी समजून फारसे कोणी हात लावत नसे. त्यांनी रिक्तिकेत कचरा पचवणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, नसलेला यीस्ट घेतला आणि त्याला उपाशी ठेवले. काही तासांतच रिक्तिका बारीक बारीक पिशव्यांनी भरून गेली आणि त्या पिशव्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली वळवळताना दिसू लागल्या. उपाशी पेशी स्वतःचेच भाग पिशव्यांत भरून पचवायला पाठवत होती. पचवणारे यंत्र बंद असल्यामुळे माल दाराशी साचून राहिला आणि म्हणूनच दिसला. हा निबंध १९९२ मध्ये आला. त्याचे पहिले लेखक काझुहिको ताकेशिगे, ओसुमींचे नाव शेवटी. पुढच्या वर्षी मिकी त्सुकादा या विद्यार्थिनीने ही प्रक्रिया बिघडलेले यीस्ट चिकाटीने हुडकून काढले आणि १५ जनुके तिच्यासाठी आवश्यक असल्याचे दाखवले. हा दुसरा निबंध ‘फेब्स लेटर्स’ या छोटे निबंध छापणाऱ्या, फारसा दबदबा नसलेल्या नियतकालिकात आला. तेव्हा त्यांच्या मामांनी कोणता आजार बरा होणार असे विचारले असते, तर प्रामाणिक उत्तर ‘एकही नाही’ असेच द्यावे लागले असते. पुढे तीच जनुके माणसातही सापडली, कर्करोग आणि मेंदूचे विकार यांच्या अभ्यासात ऑटोफेजी, म्हणजे पेशीने स्वतःचेच भाग पचवणे, हा शब्द रोजचा झाला आणि २०१६ मध्ये ओसुमींना नोबेल मिळाले. प्रत्येक पेपरचे असे होत नाही, बहुतेकांचे होतच नाही. पण होणार की नाही हे छापून आल्याच्या आठवड्यात लेखकालाही सांगता येत नाही, म्हणून आपली मुलगी गप्प झाली असावी. ते तिचे अज्ञान नव्हते, तो तिचा खरेपणा होता.

आपण करावे असे सांगतो. ती घरी आली की पेपर उघडायला सांगा आणि त्यातले एकच चित्र समजावून मागा. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे, जांभळट ठिपके असतील. कोपऱ्यात एक छोटी पांढरी रेघ असेल. ती मोजपट्टी आहे. तिच्याखाली १० मायक्रोमीटर लिहिले असेल, तर दहा रेघा ओळीने मांडल्या की साधारण आपल्या डोक्यावरच्या केसाएवढी जाडी होईल. हिरवे काय, जांभळे काय, डावीकडच्या आणि उजवीकडच्या चित्रात फरक कोणता, असे विचारा. मग विचारा, की या सगळ्यांत सर्वाधिक वेळ खाणारे चित्र कोणते. हा प्रश्न मी स्वतः तीस वर्षे विद्यार्थ्यांना विचारत आलो आहे आणि त्याचे उत्तर कधीही पाच मिनिटांत संपलेले नाही.

करू नये असेही एक आहे. गावातल्या वार्ताहराला बोलावून ‘कराडच्या कन्येने शोधले औषध’ अशी बातमी लावू नका. माझ्याच एका विद्यार्थ्याच्या बाबतीत घरच्यांनी कौतुकाने बातमी दिली. एका स्थानिक दैनिकाने तिचा मथळा ‘कर्करोगावर मात’ असा केला आणि पुढचे महिनाभर रुग्णांच्या नातेवाइकांचे फोन येत राहिले. त्याचे संशोधन पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रे कशी ओढली जातात यावर होते. फोन करणाऱ्या प्रत्येकाला ‘माझ्याकडे औषध नाही’ असे सांगताना त्या मुलाची जी अवस्था झाली, ती मी पाहिली आहे. बातमी द्यायचीच असेल, तर मजकूर तिलाच लिहू द्या आणि मथळाही तिच्या नजरेखालून जाऊ द्या.

आणखी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप साधारणतः पाच वर्षांची असते : पहिली दोन वर्षे कनिष्ठ, पुढची तीन वरिष्ठ. जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० आणि ४२,००० रुपये आहे, त्यावर घरभाडे भत्ता. आपल्या मुलीला साडेपाच वर्षे झाली आहेत, म्हणजे तिची फेलोशिप कदाचित संपली असेल आणि प्रबंध अजून बाकी असेल. या काळातली मुले घरी पैसे मागत नाहीत, कारण सगळे अभिनंदन करत असताना ते बोलणे त्यांना जड जाते. तेव्हा तिने विषय काढायची वाट न पाहता, अभिनंदनाच्या त्याच फोनवर विचारून घ्या.

प्रश्न : मी निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. माझ्या एका विद्यार्थ्याचा पेशींच्या हालचालींवरचा निबंध मला वाचायचा आहे, परंतु नियतकालिकाच्या संकेतस्थळावर तो उघडण्यासाठी डॉलरमध्ये रक्कम मागतात. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या सरकारी योजनेचा मला उपयोग होईल का? (नाशिक)

उत्तर : थेट होणार नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ही योजना तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची आहे. तिच्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके येतात, पण ती खुली होतात सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि संशोधन संस्थांतल्या लोकांना. आपल्या जवळच्या सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडे चौकशी केली, तर तेथे बसून वाचण्याची सोय होऊ शकेल.

तरीही पैसे भरू नका. निबंधाचे शीर्षक ‘पबमेड सेंट्रल’वर शोधा, वैद्यक आणि जीवशास्त्रातले लाखो निबंध तेथे पूर्ण स्वरूपात मोफत आहेत. तेथे नसल्यास ‘बायो-आर्काइव्ह’वर पाहा. २०१३ पासून जीवशास्त्रज्ञ आपले निबंध तज्ज्ञांच्या तपासणीपूर्वीच तेथे ठेवू लागले असून त्यांना प्रीप्रिंट म्हणतात. छापील निबंधात आणि त्यात थोडाफार फरक असतो, एवढे ध्यानात ठेवावे.

पण आपल्या बाबतीत याहून चांगला मार्ग आहे, तो म्हणजे विद्यार्थ्यालाच ईमेल करून निबंध मागणे. आपल्या शाळेतल्या सरांनी निबंध मागितला, याचा त्याला किती आनंद होईल हे मी आपल्याला सांगायला नको. वाचून झाल्यावर एक शंका मात्र जरूर लिहून पाठवा. नुसते ‘छान आहे’ असे शंभर जण लिहितात. ‘तिसऱ्या आकृतीत पेशी डावीकडेच का सरकतात?’ असे विचारणारा वर्षात एखादाच भेटतो.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थिनीचा निबंध एका चांगल्या नियतकालिकात आला आहे. विभागातल्या सर्व प्राध्यापकांनी आपापल्या लेखांत तिच्या निबंधाचा संदर्भ द्यावा, म्हणजे तिची ‘सायटेशन्स’ वाढतील, अशी सूचना आली आहे. हे योग्य आहे काय? (प्राध्यापक, लातूर)

उत्तर : नाही. आपल्या लेखातले एखादे विधान खरोखर तिच्या निबंधावर उभे असेल, तर संदर्भ देणे हे कर्तव्य आहे. नसेल, तर ती आहेरासारखी परतफेडीची देवघेव होते आणि उद्या कोणी तपासून पाहिले तर बदनामी तिची होते. एकाच गावातल्या, एकाच महाविद्यालयातल्या आठ जणांनी मातीपरीक्षणावरच्या लेखात पेशीच्या आवरणाचा निबंध उद्धृत केलेला पाहून निवड समिती काय समजायचे ते समजते.

आकड्यांचा हा सोस पेशीवैज्ञानिकांनाच आधी खटकला, हे येथे सांगायला हवे. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीच्या सॅन फ्रान्सिस्को येथील वार्षिक सभेच्या वेळी काही संपादक आणि प्रकाशक एकत्र आले आणि त्यातून ‘डोरा’ नावाने ओळखला जाणारा जाहीरनामा निघाला. संशोधकाची किंमत त्याचा निबंध कोणत्या नियतकालिकात आला यावरून आणि त्या नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात या आकड्यावरून, करू नये, निबंधात काय आहे ते पाहावे, असे त्याचे सार आहे. इम्पॅक्ट फॅक्टर हे मुळात ग्रंथपालांना कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवायला मदत करणारे साधन. ते माणसे मोजायला कसे वापरले जाऊ लागले, ही वेगळी आणि दीर्घ कथा आहे.

आपल्या विभागाला एक मोठी गोष्ट करता येईल. तृतीय वर्षाच्या वर्गात तिचा निबंध लावा. मुलांना आधी फक्त आकृत्या द्या, खालचा मजकूर झाकून, आणि त्यांनीच निष्कर्ष काढून पाहावेत. मग तिला दूरदृश्य माध्यमातून तासभर वर्गात बोलवा. मुलांचे प्रश्न बाळबोध असतील, काही अडचणीचेही असतील, आणि अडचणीचे प्रश्न तिला मुलाखतीच्या आधी मिळालेले केव्हाही बरे. या तासाची नोंद महाविद्यालयाच्या पत्रावर तिला द्या. निमंत्रित व्याख्यान म्हणून ती आपल्या परिचयपत्रात ते लिहू शकेल आणि त्यात खोटे काहीच नसेल.

प्रश्न : माझा पहिला पेपर प्रसिद्ध होऊन चार महिने झाले. एका सार्वजनिक संकेतस्थळावर कोणीतरी नाव न देता लिहिले आहे, की आकृती ४ मधली दोन चित्रे एकसारखी दिसतात. मी तपासले, खरोखरच कंट्रोलचे, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींचे, एक चित्र चुकून दोनदा लागले आहे. माझे गाइड म्हणतात, दुर्लक्ष कर. मित्र म्हणतात, आम्ही तुझ्या बाजूने तेथे लिहितो. (संशोधक विद्यार्थी, मुंबई)

उत्तर : मित्रांना थांबवा. बाजू घेण्यासारखे येथे काही नाही. चित्र दोनदा लागले आहे आणि ते आपल्याला ठाऊक आहे.

अशा चुका किती होतात, याचा एक मोठा हिशेब उपलब्ध आहे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० नियतकालिकांतले २०,६२१ निबंध डोळ्यांनी तपासले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : ३.८ टक्के निबंधांत चित्रांची शंकास्पद पुनरावृत्ती होती आणि त्यांतल्या निदान निम्म्यांमध्ये ती मुद्दाम केल्याची लक्षणे दिसत होती. याचा अर्थ उरलेल्यांपैकी अनेक जण आपल्यासारखेच असणार, ज्यांनी रात्री दोन वाजता ‘फायनल’, ‘फायनल-नवे’ आणि ‘फायनल-नवे-२’ अशा फोल्डरांतून चुकीचे चित्र उचलले. वाचकाला हा फरक बाहेरून कळत नाही. तो दाखवून द्यायचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे सूक्ष्मदर्शकाने जतन केलेली मूळ फाइल, जिच्यात तारीख, वेळ आणि यंत्राची मांडणी आपोआप नोंदलेली असते.

तेव्हा आजच दोन्ही चित्रांच्या मूळ फाइली आणि वहीतली त्या दिवसांची पाने एकत्र करा. योग्य चित्र घालून आकृती पुन्हा बनवा आणि निष्कर्ष बदलतो का ते प्रामाणिकपणे पाहा. मग गाइडना तोंडी नव्हे, ईमेलने लिहा : चूक काय, कशी झाली, दुरुस्त आकृती सोबत आहे, नियतकालिकाला दुरुस्ती पाठवण्याची परवानगी द्यावी. बहुतेक गाइड कागद समोर आला की विचार बदलतात. त्यानंतरही ते अडून राहिले, तर संस्थेच्या शैक्षणिक अधिष्ठात्यांना भेटा. संपादकांना परस्पर लिहिणे हा शेवटचा उपाय समजावा. आपली भीती मला समजते, कारण शिफारसपत्र त्यांच्याच हातात आहे. परंतु पहिले नाव आपले आहे, आणि चार वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीत ते पान उघडले जाईल तेव्हा त्या खोलीत गाइड नसतील.

धीर यावा म्हणून एक उदाहरण देतो. रसायनशास्त्राचे २०१८ चे नोबेल मिळालेल्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी जानेवारी २०२० मध्ये, आदल्याच वर्षी प्रसिद्ध झालेला विकरांवरचा आपला निबंध मागे घेतल्याचे स्वतः जाहीर केले आणि काम नीट तपासले नाही म्हणून उघडपणे माफी मागितली. त्यामुळे त्यांचे नाव खाली आले नाही. आपल्याला तर निबंध मागे घ्यायचा नसून एक चित्र बदलायचे आहे.

प्रश्न : माझी दिवंगत पत्नी प्राणिशास्त्राची शिक्षिका होती. तिच्या स्मरणार्थ दरवर्षी एक लाख रुपये पेशीविज्ञानातल्या तरुण संशोधकासाठी द्यावेत अशी इच्छा आहे. ‘उत्कृष्ट शोधनिबंध पुरस्कार’ ठेवावा असे वाटते. (रत्नागिरी)

उत्तर : पुरस्कार ठेवू नये, असे माझे मत आहे. तो ज्याला मिळेल त्याला बहुधा आधीच काही मिळालेले असते. निबंध छापून आला आणि पुढची जागा अजून मिळाली नाही, या मधल्या महिन्यांत पैसे लागतात आणि तेथेच माणसे गळतात.

डग्लस प्रॅशर या अमेरिकी संशोधकाचे नाव या संदर्भात आठवते. जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक त्यांनी वेगळे करून १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्या संशोधनासाठी अनुदान मिळाले नाही, तेव्हा मागणाऱ्या दोन शास्त्रज्ञांना त्यांनी ते जनुक देऊन टाकले. आज पेशीविज्ञानाच्या निबंधातला जो हिरवा रंग दिसतो, तो बहुतेक वेळा त्याच प्रथिनाचा किंवा त्याच्या सुधारित रूपाचा असतो. २००८ मध्ये या प्रथिनासाठी नोबेल जाहीर झाले, तेव्हा ते दोघे, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन, तिघा मानकऱ्यांत होते. प्रॅशर मात्र अलाबामातल्या हंट्सव्हिल येथे एका मोटारविक्रेत्याच्या ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. चाल्फी आणि त्सिएन यांनी स्वखर्चाने त्यांना स्टॉकहोमच्या सोहळ्याला नेले, आणि पुढे त्सिएन यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत कामही दिले.

आपल्या लाखातून एका विद्यार्थ्याचा परदेशी परिषदेचा विमानप्रवास होईल, किंवा तीन-चार जणांचा देशातला. तेथे छापलेल्या कामाबद्दल बोलताना पुढची नोकरी देणारी माणसे भेटतात. पत्राने ती क्वचितच भेटतात. तान्हे मूल असलेल्या संशोधिकेसोबत मूल सांभाळायला येणाऱ्या आजीचे तिकीटही या निधीतून द्यावे, अशी अट घालता आली तर अवश्य घाला. संस्थांच्या नियमांत या खर्चाला सहसा रकाना नसतो. निवड संस्थेच्या समितीकडे सोपवा, स्वतः करू नका, आणि आपल्या पत्नीचे नाव निधीला द्या. निबंधाच्या शेवटी ऋणनिर्देश छापतात, तेथे ते येत राहील.

दोन-तीन संस्थांना लिहून पाहा. पहिल्या पत्रात रकमेचा उल्लेख नंतर करा. आधी एवढेच विचारा, की परिषदेने निवड करूनही केवळ भाड्याअभावी गेल्या वर्षी तुमच्याकडचे किती विद्यार्थी जाऊ शकले नाहीत. ज्या संस्थेकडून या प्रश्नाचे उत्तर आकड्यासह येईल, तिच्याशी पुढचे बोलणे सुरू करा.